एका घरात दोन बिऱ्हाडे

एकाच इमारतीत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी शाळा भरावी, हे दृश्य आपल्याकडे अपरिचित नाही. सकाळच्या शाळेची घंटा होते, मुले बाहेर पडतात, फळा पुसला जातो आणि मग दुपारच्या शाळेचे मुख्याध्यापक त्याच खुर्चीवर येऊन बसतात. सीमाभागात तर कित्येकदा त्याच भिंती सकाळी एका भाषेतून आणि दुपारी दुसऱ्या भाषेतून पाढे ऐकतात. व्यवस्था उत्तम चालते. अट एकच, पहिल्या शाळेने निघून गेल्यावाचून दुसरीने आत पाऊल टाकावयाचे नाही. दोन मुख्याध्यापक एकाच वेळी त्याच कचेरीत येऊन हुकूम सोडू लागले, तर काय होईल हे सांगावयास नको.

संगणकाची स्थिती अशीच आहे. यंत्राची कळ दाबली की आरंभीचे संस्कार आटोपताच त्यात जागी होते ती ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली. विंडोज ही एक कार्यप्रणाली, लिनक्स ही दुसरी. स्मृती कोणाला किती द्यावयाची, तबकडीवर काय कोठे ठेवावयाचे, कळफलकावर उमटलेले अक्षर कोणाच्या हाती सोपवावयाचे, हे सारे निर्णय तिचे. ती मुख्याध्यापक आहे, आणि या इमारतीत आपल्यावर दुसरा कोणी नाही, हे गृहीत धरूनच ती घडविलेली असते. मग एका यंत्रात दोन कार्यप्रणाल्या हव्या असतील तर काय करावे? सोपा उपाय दोन पाळ्यांचा. तबकडीचे दोन भाग पाडावे, एकात एक आणि दुसऱ्यात दुसरी ठेवावी, आणि यंत्र सुरू करताना कोणती हवी ते निवडावे. परंतु मग एक चालू असताना दुसरी झोपलेली. इकडचा कागद तिकडे न्यावयाचा तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावयाचे.

दोन्ही एकाच वेळी, शेजारी शेजारी, एकमेकींना धक्का न लावता चालविणे आज सामान्य माणसाच्या घरातील यंत्रावरही शक्य आहे. ते ज्या साधनाने साधते, त्यास इंग्रजी नावावरून व्हर्च्युअलायझेशन म्हणतात, आणि त्याने निर्माण केलेल्या भासमान यंत्रास व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र. हे साधन अलीकडचे वाटते. वस्तुतः त्याचा इतिहास साठ वर्षांचा आहे. विशेष हे की, या साठ वर्षांत एकदा त्याची गरज नाही असे ठरले होते, आणि एकदा ते अशक्य आहे असे ठरले होते. दोन्ही वेळा मूठभर माणसांनी तो निकाल मानला नाही.

ही कथा समजावयाची तर १९५० नंतरच्या दशकातील संगणकगृह डोळ्यांसमोर आणावे लागते. यंत्र एक, किंमत अफाट, आणि दाराबाहेर रांग. संशोधकाने आपला कार्यक्रम छिद्रांकित पत्त्यांवर उमटवून तो गठ्ठा खिडकीत द्यावयाचा आणि उत्तरासाठी कित्येक तास, प्रसंगी दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावयाची. एखादे स्वल्पविराम चुकले असेल, तर उत्तराऐवजी चुकीची सूचना हाती येई, आणि पुन्हा रांग. यंत्राचा वेळ मोलाचा, माणसाचा कवडीमोल, असा तो हिशेब होता. १९५९ साली पॅरिस येथे युनेस्कोच्या परिषदेत ख्रिस्तोफर स्ट्रेची या इंग्रज संशोधकाने, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी, यंत्राचा वेळ वाटून घेण्याची कल्पना मांडली. माणूस विचार करण्यात मिनिटे घालवितो, यंत्राला क्षणाचा अंश पुरतो. मग यंत्राने एकाचे काम क्षणभर करावे, लगेच दुसऱ्याचे करावे आणि पुन्हा पहिल्याकडे यावे. प्रत्येकाला वाटावे की यंत्र आपल्यासाठीच आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या मार्गदर्शनाखाली अशी पद्धत प्रत्यक्ष चालवून दाखविण्यात आली.

दुसरी किल्ली इंग्लंडात घडली. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेले अॅटलस हे यंत्र डिसेंबर १९६२ मध्ये कार्यान्वित झाले. त्यात एक नवी युक्ती होती. कार्यक्रम ज्या पत्त्यावर आपली माहिती आहे असे समजतो, तो पत्ता आणि यंत्रातील खरी जागा, या दोन गोष्टी वेगळ्या केलेल्या होत्या. मधल्या मध्ये यंत्रच पत्ता बदलून देई. पोस्टमनने नवा पत्ता ध्यानात ठेवावा आणि पत्र लिहिणाऱ्याने जुन्याच पत्त्यावर खुशाल लिहीत राहावे, तसे. या आभासी स्मृतीमुळे दहा कार्यक्रमांना आपली स्मृती शून्य क्रमांकापासून सुरू होते असे भासविता येऊ लागले, आणि एकाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावणे अशक्य झाले.

वेळ वाटता येतो आणि पत्ता बदलता येतो, हे सिद्ध झाले होते. आता तिसरे पाऊल बाकी होते. तोवरची पद्धत अशी की, एकच अवाढव्य कार्यप्रणाली सर्वांचा कारभार पाही. ती लिहिणे फार कठीण जाई, कारण एकाच प्रणालीला दोन अगदी भिन्न कामे करावी लागत: यंत्राची वाटणी, आणि माणसाची सेवा.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएम या बलाढ्य कंपनीने सिस्टिम-३६० ही यंत्रांची मालिका जाहीर केली. परंतु तिच्यात पत्ता बदलून देणारी ती युक्ती नव्हती. एमआयटीने आपल्या पुढील प्रयोगासाठी आयबीएमला डावलून जनरल इलेक्ट्रिक या प्रतिस्पर्धी कंपनीचे यंत्र निवडले, आणि हा धक्का कंपनीला चांगलाच लागला. त्याच वर्षी नॉर्मन रासमुसेन यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज शहरात, एमआयटीच्या शेजारीच, आयबीएमचे एक लहानसे विज्ञानकेंद्र सुरू केले होते. एमआयटीतील वेळ-वाटणीच्या प्रयोगाचा अनुभव असलेले रॉबर्ट क्रीझी तेथे आले. क्रीझी आणि त्यांचे सहकारी लेस कोमो यांनी १९६४ च्या अखेरीस जो आराखडा मनात धरला, तो आजच्या साऱ्या व्यवस्थेचा पाया होय.

त्यांनी ती दोन कामे तोडून वेगळी केली. एक नियंत्रक कार्यक्रम फक्त वाटणी करील. तो माणसाशी बोलणार नाही, त्याच्यासाठी फायली ठेवणार नाही. तो प्रत्येकाला एक संपूर्ण सिस्टिम-३६० यंत्र देईल, अर्थात भासमान. त्या भासमान यंत्रात, एका माणसाची सेवा करणारी साधी, सुटसुटीत कार्यप्रणाली वेगळी चालेल. तिला शेजारी कोणी आहे याची वार्ताही नसेल. नियंत्रकाचे नाव सीपी-४०, आणि सोबतच्या प्रणालीचे सीएमएस. जानेवारी १९६७ मध्ये ही जोडी नित्य वापरात आली. सिस्टिम-३६० च्या ४० क्रमांकाच्या यंत्रावर, त्यात खास फेरफार करून, एका वेळी १४ आभासी यंत्रे चालविता येत, आणि प्रत्येकाच्या वाट्याला २५६ किलोबाइट स्मृती असे. आजच्या एका छायाचित्रापेक्षाही ती कमी; त्या काळी मात्र ते वैभव होते.

हे घडते कसे, ते घराच्या दृष्टान्ताने कळेल. मालकाने आपल्या वाड्यात दोन बिऱ्हाडे ठेवली आहेत. प्रत्येक बिऱ्हाडकरू सारा वाडा आपलाच आहे असे समजून वागतो. स्वयंपाक, झाडलोट, निजणे, उठणे, यांत मालकाला विचारण्याचे कारण नाही. परंतु एखाद्याने पाण्याच्या मुख्य नळाला हात घातला की मालकाच्या खोलीत घंटा वाजते. मालक येतो, काय हवे ते पाहतो, त्याच्या वाटणीचे पाणी सोडून देतो आणि निघून जातो. बिऱ्हाडकरूला वाटते, नळ आपणच उघडला. सिस्टिम-३६० मध्ये ही घंटा जन्मतःच बसविलेली होती. त्या यंत्राच्या आज्ञांचे दोन वर्ग असत. साध्या आज्ञा कोणीही द्याव्या. अधिकाराच्या आज्ञा फक्त मुख्य प्रणालीने द्याव्या. अधिकार नसलेल्याने तशी आज्ञा दिली की यंत्र थांबून वर वर्दी देई. क्रीझींच्या नियंत्रकाने एवढेच केले की, पाहुण्या कार्यप्रणालीला अधिकारावाचून चालविले, आणि प्रत्येक वर्दी आपल्याकडे घेतली.

याच सुमारास आयबीएमची अधिकृत योजना निराळीच होती. तिच्या मोठ्या ताफ्याने टीएसएस नावाची प्रचंड कार्यप्रणाली सिस्टिम-३६० च्या ६७ क्रमांकाच्या यंत्रासाठी लिहावयास घेतली होती. ते काम लांबले, अडखळले आणि अखेर १९७१ मध्ये कंपनीने त्यातून अंग काढून घेतले. केंब्रिजच्या मूठभर मंडळींनी मात्र आपला नियंत्रक ६७ क्रमांकाच्या यंत्रासाठी सुधारला, आणि १९६७ मध्येच एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत तो चालू लागला. १९६८ मध्ये तो इतर ग्राहकांना मिळू लागला, तोही कंपनीच्या हमीवाचून: घ्या, वापरा, मोडले तर तुमचे तुम्ही पाहा, अशा बोलीवर. कंपनीला ज्याची गरज वाटत नव्हती, त्याची गरज ग्राहकांना होती. त्यांनी ते वापरले, दुरुस्त केले, आपल्या सुधारणा परत पाठविल्या. सीपी-६७ वर आभासी यंत्रांचा वेळ विकणाऱ्या स्वतंत्र कंपन्याही त्या काळी निघाल्या. कंपनीतील अभियंत्यांनीही एक उपयोग शोधून काढला: पुढची सिस्टिम-३७० यंत्रे प्रत्यक्ष हाती येण्यापूर्वीच त्यांनी जुन्या यंत्रावर आभासी सिस्टिम-३७० उभी केली आणि तिच्यावर नव्या प्रणाल्या पारखून घेतल्या. अखेर २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने व्हीएम/३७० या नावाने ही व्यवस्था आपली म्हणून जाहीर केली. तिचा वंश झेड/व्हीएम या नावाने आजही मोठ्या यंत्रांवर नांदत आहे.

शास्त्र रचनेच्या मागून येते. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या कारभाराचे नियम गणिताच्या काटेकोरपणाने मांडले. त्यांच्या तीन अटी घराच्याच भाषेत सांगता येतील. पहिली, बिऱ्हाडकरूला स्वतंत्र घरात जसे राहता आले असते तसेच येथे राहता यावे. दुसरी, रोजची बहुतेक कामे मालकाला न विचारता, थेट व्हावी. नाहीतर दिवस घंटा वाजविण्यातच जाईल. तिसरी, मुख्य किल्ल्या मालकाच्याच हाती राहाव्या. आणि या तिन्ही साधावयाच्या तर, साऱ्या वाड्यावर परिणाम करणाऱ्या किंवा वाड्याची खरी स्थिती उघड करणाऱ्या प्रत्येक आज्ञेने घंटा वाजलीच पाहिजे. एकही आज्ञा चोरपावलाने निसटली, तर व्यवस्था कोसळली.

नेमके येथेच पुढचे संकट दडले होते. इंटेल कंपनीने १९७८ मध्ये ८०८६ हा प्रोसेसर काढला, आणि त्याच घराण्यातील ८०८८ हा धाकटा प्रोसेसर घेऊन ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. प्रत्येकाच्या मेजावर स्वतःचे यंत्र आल्यावर वाटणीची चिंता कोणी करावी? ज्याला स्वतंत्र घर मिळाले, त्याला बिऱ्हाडाचे नियम नकोसे होतात. ८०८६ मध्ये मालक आणि बिऱ्हाडकरू हा भेदच नव्हता. १९८५ च्या ८०३८६ मध्ये तो भेद पक्का झाला, जुने डॉसचे कार्यक्रम शेजारी शेजारी चालविण्याची सोयही आली. परंतु संपूर्ण कार्यप्रणालीला आत घेऊन बसविण्याची सोय त्यात नव्हती. कारण काही आज्ञा घंटा वाजवीत नसत. पीओपीएफ या आज्ञेचे उदाहरण नेहमी दिले जाते. बाहेरून येणारे अडथळे काही काळ थांबवावे की पुन्हा सुरू करावे, हे ती ठरविते. अधिकार नसलेल्याने ती दिली, तर यंत्र त्या बाबतीत हुकूमही पाळीत नाही आणि तक्रारही करीत नाही. पाहुणी प्रणाली समजते की हुकूम पाळला गेला. मालकाला काहीच कळत नाही. आणि पुढे सारा हिशेब बिघडतो. पेंटियम प्रोसेसरमध्ये अशा १७ आज्ञा आहेत, असे दोन संशोधकांनी २००० साली मोजून दाखविले. पोपेक आणि गोल्डबर्ग यांच्या कसोटीवर हे घराणे सरळ सरळ नापास होते.

परंतु गरज परतून आली होती. १९९१ मध्ये लिनक्सचा जन्म झाला, १९९३ मध्ये विंडोज एनटी आली, आणि एकाच माणसाला दोन्हींचे काम पडू लागले. कचेऱ्यांतून वेगळेच चित्र होते. एकाचा बिघाड दुसऱ्याला बाधू नये म्हणून प्रत्येक कामाला स्वतंत्र यंत्र दिले जाई, आणि ती यंत्रे दिवसाचा बहुतेक वेळ रिकामी घरघरत बसत. स्टॅनफर्ड विद्यापीठात मेंडेल रोझेनब्लूम आणि त्यांचे विद्यार्थी एदुआर ब्युन्यों व स्कॉट डिव्हाइन यांनी १९९७ मध्ये डिस्को नावाची रचना प्रसिद्ध केली. अनेक प्रोसेसरांच्या एका मोठ्या यंत्रासाठी जुनी आयबीएमची कल्पना त्यांनी पुन्हा बाहेर काढली होती. तेथून स्फूर्ती घेऊन १९९८ मध्ये त्यांनी, डायेन ग्रीन आणि एलेन वांग यांच्यासह, व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन केली आणि इंटेलच्या त्या नापास घराण्यालाच हात घातला.

त्यांची युक्ती अशी. पाहुण्या प्रणालीतील सामान्य कार्यक्रम थेट प्रोसेसरवर चालू द्यावयाचे, कारण ते निरुपद्रवी. परंतु प्रणालीचा स्वतःचा गाभा चालू लागला की त्याच्या आज्ञा आधी वाचावयाच्या, घंटा न वाजविणारी आज्ञा दिसताच तिच्या जागी सुरक्षित पर्याय घालावयाचा, आणि मग ते भाषांतरित तुकडे चालवावयाचे. एकदा केलेले भाषांतर जपून ठेवावयाचे, म्हणजे पुन्हा तोच तुकडा आला तर श्रम नकोत. घंटा नसलेल्या दारांना मालकाने स्वतःच्या हाताने घंटा बांधाव्या, तसा हा उद्योग होता. १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन बाजारात आले, आणि लिनक्सच्या पडद्यावर एका चौकटीत विंडोज, किंवा विंडोज एनटीच्या पडद्यावर लिनक्स, असे दृश्य साध्या मेजावरील यंत्रात दिसू लागले. संगणकशास्त्राच्या एसीएम या संस्थेने २००९ चा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार याच कामगिरीला दिला.

एकदा वाट दिसली की प्रवासी वाढतात. २००३ मध्ये इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठातून झेन ही मुक्त प्रणाली आली. तिने भाषांतराऐवजी समजुतीचा मार्ग धरला: पाहुण्या प्रणालीतच थोडा बदल करावयाचा, म्हणजे ती आपण होऊन मालकाला विचारील. २००५ च्या अखेरीस इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने आपल्या प्रोसेसरातच हरवलेली घंटा बसविली. क्रीझींना १९६४ मध्ये जे सहज मिळाले होते, ते मिळवावयास या घराण्याला आणखी चार दशके लागली. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम हे अंग समाविष्ट झाले. त्याच वर्षी व्हर्च्युअलबॉक्सची मुक्त आवृत्ती निघाली. ऑगस्ट २००६ मध्ये अॅमेझॉनने झेनच्या आधारे आभासी यंत्रे तासाच्या भाड्याने देण्यास प्रारंभ केला, आणि त्यातूनच आजचा क्लाउडचा पसारा वाढला.

घरगुती यंत्रावर आज हे काम कसे होते? व्हर्च्युअलबॉक्ससारखा कार्यक्रम यजमान प्रणालीत बसवावयाचा. पाहुण्याला किती स्मृती आणि तबकडीचा किती भाग द्यावयाचा, ते ठरवावयाचे. यंत्रात ८ गिगाबाइट स्मृती असेल तर साधारण निम्म्याहून अधिक पाहुण्याला देऊ नये. यजमान उपाशी राहिला तर पाहुण्यालाही जेवण मिळत नाही. पाहुण्याची अख्खी तबकडी यजमानाच्या दृष्टीने एक मोठी फाइल असते. म्हणून तिची नक्कल करता येते, ती दुसऱ्या यंत्रावर नेता येते, आणि एखादा धोक्याचा प्रयोग करण्यापूर्वीची स्थिती जपून ठेवून प्रयोग फसला तर पूर्वस्थितीवर परतता येते. मात्र एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. यजमान आणि पाहुणा एकाच जातीच्या प्रोसेसरची भाषा जाणत असतील, तरच हा कारभार वेगाने चालतो. भाषा वेगळी असेल तर प्रत्येक आज्ञेचे भाषांतर करावे लागते. त्याला अनुकरण म्हणतात, आणि ते मंद असते. नोव्हेंबर २०२० पासून अॅपलने आपल्या मॅक यंत्रांत वेगळ्या जातीचा प्रोसेसर घालण्यास सुरुवात केली, तेव्हा इंटेलसाठी बनलेली विंडोज पूर्वीसारखी थेट त्यांत नांदू शकली नाही, ती याच कारणाने.

या भिंती अभेद्य आहेत, असेही समजू नये. २०१५ साली व्हेनम नावाने ओळखला गेलेला एक दोष उघडकीस आला. कित्येक प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या क्यूईएमयू या घटकात जुन्या फ्लॉपी तबकडीच्या चालकाची नक्कल होती. फ्लॉपी केव्हाच नाहीशी झाली होती, परंतु तिची नक्कल भिंतीत तशीच राहिली होती, आणि त्याच जागी चीर निघाली: पाहुण्याला त्या वाटेने यजमानाच्या खोलीत शिरणे शक्य होते. दोष दुरुस्त झाला. धडा हा की, वाड्याची पाहणी करताना जी खोली कोणी वापरीत नाही, ती आधी पाहावी.

धोका भिंतींचाच नसतो, मालकीचाही असतो. व्हीएमवेअर २००४ मध्ये ईएमसीच्या, २०१६ मध्ये डेलच्या आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमच्या हाती गेली. लगेच पुढील महिन्यात, एकदा पैसे भरून कायमचा मिळणारा परवाना नव्या मालकाने बंद केला आणि वर्गणीची पद्धत आणली. ज्या संस्थांचा सारा कारभार त्या भिंतींवर उभा होता, त्यांना भाडे वाढल्यावर घर बदलणे किती कठीण असते, याचा अनुभव आला. याच मालकाने २०२४ मध्ये मेजावरील वर्कस्टेशन मात्र सर्वांना विनामूल्य केले.

मराठी वाचकाला या साऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका जुन्या कपाटात आहे. १९९० नंतरच्या दशकात मराठी मजकूर संगणकावर जुळविला जाऊ लागला, तेव्हा देवनागरी अक्षरांना सर्वमान्य क्रमांक प्रत्यक्षात रूढ नव्हते. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय प्रमाण ठरले, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. परंतु सामान्य विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली. मधल्या काळात पुण्याच्या सी-डॅकची जिस्ट प्रणाली, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि इतर अनेक साधने वापरात होती, आणि अक्षरांचे क्रमांक साधनागणिक वेगळे. या काळातील मजकुराची फाइल आज साध्या यंत्रात उघडली आणि तो टंक जवळ नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा कचरा दिसतो. मजकूर नाहीसा झालेला नसतो. त्याची भाषा जाणणारा नाहीसा झालेला असतो. स्मरणिका, संस्थांचे वार्षिक वृत्तान्त, छोट्या मुद्रणालयांनी जुळविलेली पुस्तके, अशा किती फाइली ठिकठिकाणी पडून असतील! मुख्य प्रदेशापासून दूर, जेथे मराठी छपाई मुळातच थोडी, तेथे अशा एकेका फाइलीचे मोल अधिक.

येथे आभासी यंत्र उपयोगी पडते. जुनी विंडोज ९८ किंवा एक्सपी त्याच्या जुन्या टंकांसह एका चौकटीत बसवावी, आणि फाइल तिच्या मूळ घरात उघडावी. मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत, परंतु ती जोडाक्षरांत, रफारांत आणि वेलांट्यांत चुकतात. चूक ओळखावयास मूळ पान डोळ्यांसमोर हवे. शेजारच्या चौकटीत जुने पान, इकडे नवा मजकूर, आणि मध्ये तपासणारा माणूस, ही मांडणी एकाच यंत्रावर करता येते. जुन्या कार्यक्रमांची गरज मायक्रोसॉफ्टनेही मान्य केली होती: २००९ च्या विंडोज ७ च्या व्यावसायिक आवृत्त्यांना आभासी एक्सपीची जोड देण्यात आली होती. दोन सावधगिऱ्या मात्र घ्याव्या. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली; म्हणून अशा पाहुण्याला इंटरनेटची वाट बंदच ठेवावी. दुसरी, त्या काळच्या कित्येक कार्यक्रमांना छपाईयंत्राच्या जागी लावावयाचे कुलूप असे, आणि काही साधने यंत्रात बसविलेल्या खास कार्डावर चालत. आभासी यंत्रात ते कुलूप किंवा कार्ड दिसेलच असे नाही. म्हणून जुने यंत्र अजून जिवंत असेल, तर भंगारात घालण्यापूर्वी त्यातील टंक, कार्यक्रम आणि फाइली उतरवून घेणे, हे पहिले काम.

क्रीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली जुन्या मराठी स्मरणिकांचा विचार केला नव्हता. एक महाग यंत्र अनेकांना नीट वाटून द्यावे, एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु वाटणी नेकीने केली की तिची फळे मागच्या-पुढच्या पिढ्यांनाही मिळतात. सकाळच्या शाळेने फळा पुसला की तिचे अक्षर जाते. या नव्या इमारतीत तसे होत नाही. दुसरी शाळा भरली तरी पहिलीचा फळा तसाच राहतो, आणि ज्याला वाचावयाचा आहे, त्याने त्या वर्गाचे दार उघडावे एवढेच उरते.